आईसाठी माइक घेताना

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. फुलपाखरासारखी थायरॉइडची ग्रंथी आणि तिच्या डाव्या पंखात गाठ. गाठ काढावी लागणार होती. ग्रंथीच्या अगदी मागून स्वरतंतू हलवणारी नस जाते, तिला धक्का लागू नये याची काळजी घेतली जाते आणि बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत पूर्ववत होतो, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी आईला विचारलं, तुम्ही काय करता? ती म्हणाली, "घरी गाणं शिकवते." डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं आणि ग्रंथीच्या वरच्या टोकाशी आणखी एक बारीक रेघ काढली. ही दुसरी नस स्वरतंतू ताणते, उंच स्वर तिच्यामुळे लागतात. बोलताना कदाचित काहीच फरक पडणार नाही. गाताना पडू शकतो.

आईने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तार षड्ज?"

त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

ही दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली, म्हणजे हातात पाच आठवडे होते. घरी येताना आई गाडीत गप्प होती. राजवाड्याजवळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती म्हणाली, "नानांच्या चीजा रेकॉर्ड करून ठेवायला हव्यात रे."

नाना म्हणजे आईचे वडील. ते ग्वाल्हेरला शिकले आणि पुढे इंदूरला शाळेत संगीत शिक्षक झाले. त्यांनी स्वतः बांधलेल्या चौदा चीजा एका लाल बाडाच्या वहीत आहेत. शब्द आहेत, भातखंडे पद्धतीने स्वरलिपीही आहे. मी भाबडेपणाने म्हणालो, "वही स्कॅन करून ठेवली आहे ना आपण?" आई म्हणाली, "वहीत स्वर आहेत. स्वरावर जायचं कसं, ते वहीत नाही." एका स्वरावरून दुसऱ्यावर सरळ जायचं की मींडेने घरंगळत जायचं, सम किती हलकी घ्यायची, हे नानांनी तिला गाऊन दाखवलं होतं. ते तिच्या गळ्यात होतं, आणि तिच्याखेरीज कुणाच्याच नव्हतं. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्वांसारखे त्यांचे शिष्य आपल्याला माहीत आहेत, पण खुद्द बुवांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. आमचे नाना काही भास्करबुवा नव्हते. पण आमच्या घरापुरती गोष्ट तीच होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अशा वेळी आमच्या जमातीतला माणूस जे करतो तेच मी केलं. एक्सेल शीट उघडली.

सतरा माइक, अकरा रकाने. पहिला प्रश्न होता, कंडेन्सर की डायनॅमिक? ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. सायकलच्या डायनॅमोचा हा धाकटा भाऊ. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे एक पट्टी असते. पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून विद्युत संकेत तयार होतो. त्याला बाहेरून वीज लागते, बहुतेकदा 48 व्होल्ट, आणि ती माइकच्या वायरमधूनच जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सरचा पडदा हलका असल्यामुळे तो बारीकसारीक गोष्टी टिपतो. डायनॅमिक दणकट, पण जरा जड कानाचा.

सगळीकडे एकच सल्ला होता, घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर कंडेन्सर घ्या. मग मी एका नव्या रकान्यात अडकलो. प्रत्येक माइकची स्वतःची थोडी खरखर असते. रोडच्या एनटी 1 ची 4 डेसिबल, ऑडिओ टेक्निकाच्या एटी 2020 ची 20. किमतीतही बराच फरक. चार की वीस? या एका प्रश्नावर मी पाच रात्री काढल्या. शेवटी खिशाने निर्णय दिला आणि एटी 2020 मागवला. सोबत ऑडिओ इंटरफेस, स्टँड, वायर आणि तोंडातून निघणारे हवेचे फटकारे अडवणारा जाळीचा पॉप फिल्टर. हे सगळं घरी येऊन जोडून होईपर्यंत पाच आठवड्यांतले बारा दिवस संपले होते.

गच्चीवरच्या खोलीत स्टुडिओ थाटला. पांढऱ्या भिंती, फरशी, काचेची मोठी खिडकी. फोटोत झकास दिसत होता. नानांची सकाळची चीज आई सकाळीच गाणार, हे तर ठरलेलंच. भैरव संध्याकाळी गायला सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. साडेसातला सुरुवात केली. पहिलं आवर्तन छान गेलं, अस्थायी झाली, अंतऱ्यावर ती जाणार इतक्यात गल्लीच्या तोंडाशी कचरा गाडी आली. इंदूरकरांना पुढचं सांगायला नको. आपल्या शहराच्या स्वच्छतेचं ते गाणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आता ते भैरवच्या कोमल ऋषभाबरोबर माझ्याकडे रेकॉर्ड आहे.

गाडी गेल्यावर पुन्हा घेतलं आणि दुपारी हेडफोन लावून ऐकलं. पंखा ऐकू येत होता. खालचा कुकर, शेजारच्या टाकीत पडणारं पाणी, कबुतरं, सगळं ऐकू येत होतं. त्याहून वाईट म्हणजे आईचा आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा वाटत होता. मी तिला हेडफोन दिले. ती दोन मिनिटं ऐकत राहिली, मग म्हणाली, "ही कोण बाई न्हाणीघरात गातेय?"

माझा पहिला विचार असा की माइक स्वस्त घेतला, चूक झाली. मी शीट पुन्हा उघडून महागड्या रांगेकडे बघू लागलो होतो. बायको म्हणाली, "आधी काकांना बोलव."

काका म्हणजे आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचं साउंड गेली कित्येक वर्षं सांभाळणारे गृहस्थ. ते आले, चहा घेतला, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळीमागून टणणण असा आवाज भिंतींमध्ये धावत राहिला. मग आमच्या इंदुरी हिंदीत म्हणाले, "माइक तो वही सुनाएगा भिया, जो कमरे में है."

मी फोनवरच्या ॲपने खोलीतला गोंगाट मोजला. फोनचं माप काही अचूक नसतं, पण पंखा बंद करूनही आकडा चाळिशीच्या खाली येईना. म्हणजे ज्या खोलीतच 40 डेसिबल गोंगाट होता, तिथे माइकची खरखर 4 हवी की 20 यावर मी पाच रात्री जागलो होतो. ऑफिसमध्ये कुणी ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

काकांनी तीन गोष्टी केल्या. त्या कुणालाही करता येतील, म्हणून लिहितो.

पहिली, जागा बदलली. घर फिरून त्यांनी निवडली ती खालच्या मजल्यावरची आतली खोली. तिथे आमच्या गाद्या, रजया आणि लग्नाकार्यातल्या सतरंज्या ठेवलेल्या असतात. रस्त्याकडे एकही खिडकी नाही. दोन भिंतींना कपडे ठासून भरलेली कपाटं. उरलेल्या भिंतीवर दोरी बांधून आम्ही जाड रजया सोडल्या, खाली गादी अंथरली. परत टाळी वाजवली. या वेळी टाळी नुसतीच वाजली आणि थांबली.

दुसरी, अंतर बदललं. गच्चीवर आई माइकपासून अडीच फुटांवर बसली होती. गाणारा आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे जवळ आल्याने घुमारा आपोआप मागे पडतो. पण फार जवळही नको. अशा माइकच्या अगदी तोंडाशी गेलं की खर्ज फुगतो आणि आवाज उगाच जड होतो. आईसाठी दीड वीत अंतर ठरलं. माइक ओठांच्या बरोबर समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर, किंचित खाली कललेला ठेवला, म्हणजे 'प' आणि 'भ'चे फटके त्याच्या खालून निघून जातात.

तिसरी, माइकची पाठ कुठे करायची ते दाखवलं. बहुतेक गायनाचे माइक समोरचं जास्त ऐकतात, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. काकांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवला. आईला तो समोरून स्वच्छ ऐकू येत होता, रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्याची नुसती सावली आली.

जाताना काकांनी आपला डायनॅमिक माइकही ठेवून दिला. शुअरचा एसएम 58, सगळ्या रंगमंचांवर दिसतो तो. 1966 पासून तो बाजारात आहे आणि आजही गायकांच्या हातात आहे. त्याला लांबचं फारसं ऐकू येत नाही, म्हणून गोंगाटात तो उपयोगी पडतो. मला वाटलं, आपल्या घरात हाच बरा.

मग दोन्ही माइकवर आईने एकच चीज गायली. दोन्हींचा आवाज मी सारख्या पातळीवर आणला, कारण जे मोठ्याने वाजतं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. कोणता कोणता ते न सांगता बायकोने दोन्ही फाइली आईला ऐकवल्या. आई पहिलीबद्दल म्हणाली, "यात मी कांबळं पांघरून गातेय." दुसरीबद्दल म्हणाली, "यात माझा श्वास ऐकू येतो. हा ठेव." दुसरा तोच निघाला, ज्याला मी दोन दिवसांपूर्वी दोष देत होतो.

कारण नंतर माझ्या लक्षात आलं. एसएम 58 ओठांजवळ धरून गाणाऱ्यासाठी बनवलेला आहे. आई तशी गातच नाही. ती मांडी घालून बसते, तान घेताना मान वळते, हात पुढे जातो, समेवर येताना सबंध देह किंचित झुकतो. ओठांपासून दोन बोटांवर माइक धरून स्थिर बस, असं तिला सांगणं म्हणजे हात बांधून पोहायला सांगणं. आणि माइक दीड वीत लांब ठेवला तर तिचा हलका आकार त्यात पुरेसा येत नव्हता. या दोन माइकांच्या संवेदनशीलतेत सुमारे 17 डेसिबलचा फरक आहे. माझ्या इंटरफेसचा गेन 56 डेसिबलला संपतो, आणि तिथपर्यंत खेचलं की खरखर वर येते. तोच डायनॅमिक माइक मी हल्ली ऑफिसचे ट्रेनिंगचे व्हिडिओ करताना वापरतो. मी मोठ्याने बोलतो आणि खुर्चीतून हलत नाही. मला तो उत्तम चालतो.

म्हणून कोणी मला विचारलं की गाण्यासाठी कोणता माइक घेऊ, तर मी आधी उलट तीन प्रश्न विचारतो. कोण गाणार? कशी बसून किंवा उभी राहून गाणार? कुठल्या खोलीत? या तिन्हींची उत्तरं मिळाली की यादीत सतराऐवजी दोन-तीनच नावं उरतात, आणि त्यांतलं कुठलंही घेतलं तरी फार बिघडत नाही. स्टुडिओंमध्ये वापरला जाणारा नॉयमनचा यू 87 लाखांच्या घरातला आहे. तो माझ्या गच्चीवर लावला असता तर कचरा गाडी आणखी सुरेख ऐकू आली असती.

त्यानंतर काम लागलं. पहाटे पाचला भैरव आणि तोडी, रात्री अकरानंतर केदार, बागेश्री. पंखा बंद, दार बंद, दोघांनाही घाम. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि आवाजाचा उंच टोकाचा काटा उणे 12 च्या आसपास राहील इतकाच गेन, म्हणजे तार सप्तकात आवाज फाटणार नाही. गादीच्या शेजारी फरशीवर मी चिकटपट्टीने स्टँडच्या तीन पायांच्या खुणा करून ठेवल्या, म्हणजे रोज तेच अंतर. एका चीजेला कधी दोन टेक लागले, कधी सहा. टेक संपल्यावर आई डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "नाही, नाना असं नव्हते घेत. परत." मला त्या दोन्हींतला फरक कळत नव्हता. आजही प्रत्येक वेळी कळतोच असं नाही.

अडचण आली ती दुपारच्या चीजांची. नानांच्या वहीत दुपारच्या तीन आहेत, दोन वृंदावनी सारंगात आणि एक भीमपलासीत. दुपारी शेजारी घराचं काम चालू होतं, फरशी कापायचं यंत्र आतल्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. आई म्हणाली, "असू दे आवाज, मी गाते." मी म्हणालो, "रविवारी काम बंद असतं, तेव्हा घेऊ." रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी दिवाळी, त्यात फटाके. आई दोनदा म्हणाली, मी दोनदा थांबवलं. रेकॉर्डिंग स्वच्छ यायला हवं होतं ना!

ऑपरेशनच्या आदल्या रात्री अकरा चीजा झाल्या होत्या. तीन राहिल्या.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. गाठ साधी निघाली, हे सगळ्यात महत्त्वाचं. आवाज आधी घोगरा होता, मग हळूहळू बोलणं पूर्वीसारखं झालं. फोनवर कुणालाही फरक कळत नाही. पण गायला बसल्यावर कळला. मध्य सप्तक ठीक. वर पंचमानंतर आवाज पातळ होत जायचा आणि तार षड्जाच्या दाराशी जाऊन तुटायचा. स्पीच थेरपिस्टकडे जाऊन झालं, रोजचे व्यायाम झाले, पुष्कळ सुधारणा झाली, पण तो षड्ज पूर्वीसारखा परत आला नाही.

मी एकदा तिच्यापाशी बोललो की त्या तीन चीजा माझ्यामुळे राहिल्या. तिने मला धीर दिला नाही आणि रागही केला नाही. म्हणाली, "हो, राहिल्या." थोड्या वेळाने म्हणाली, "देवास इथून किती लांब आहे? कुमारजी 1948 मध्ये तिथे आले ते क्षय घेऊन. कित्येक वर्षं आजारपणात, गाणं बंद. पुढे गायले ते उरलेल्या श्वासात बसेल असं गाणं शोधून गायले. मी काय कुमारजी नाही. पण पट्टी खाली घेता येते की!"

पूर्वी ती काळी चार सुरात गायची. आता पांढरी चारमध्ये गाते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधीच्या उकाड्यात, भर दुपारी दोन वाजता तिने मला बोलावलं. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. म्हणाली, "चल, सारंग घेऊ." बाहेर भाजीवाल्याची गाडी होती, दुचाकींचे हॉर्न होते. मी काहीही बोललो नाही, कॉल सोडून खाली गेलो. क्षणभर वाटलं, आज डायनॅमिक लावावा. त्यात गोंगाट कमी येईल, आणि आवाजाची वरची भेगही थोडी झाकली जाईल. मी तसं सुचवलंही. आई म्हणाली, "तोच लाव. अकरा चीजांत एक बाई आणि तीन चीजांत दुसरी, असं नको."

फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा तशाच होत्या. स्टँड त्यांवर ठेवला. तिन्ही चीजा एका बैठकीत झाल्या. दुसऱ्या सारंगात ती वर जाते तिथे आवाज कापरा होतो, तो माइकने जसाच्या तसा टिपला आहे. मागे कुठेतरी एक हॉर्नही आहे. मी काहीही पुसलेलं नाही.

आता चौदाही चीजा तीन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत, माझ्याकडे, ताईकडे पुण्याला आणि एका ऑनलाइन खात्यात. ताईची मुलगी त्यावरून शिकते. गंमत म्हणजे तिने सुरुवात केली ती सारंगापासून. म्हणते, "आजी या सुरात गाते ना, तो मला बसतो." तिच्या बारा वर्षांच्या गळ्याला पांढरी चार सोपी जाते. ती शिकताना आई फोनवर ऐकते आणि मधूनच म्हणते, "नाही, नाना असं नव्हते घेत. परत."

तुमच्याही घरात कुणाच्या गळ्यात काहीतरी असेल. आरतीची एखादी जुनी चाल, मंगळागौरीची गाणी, आजोबांची कीर्तनातली आख्यानं. माइक कोणता घ्यायचा याबद्दल मला विचारायचं असेल तर जरूर विचारा, मी हौसेने सांगेन, शीटही देईन. पण माइक घरी येईपर्यंत थांबू नका. आज रात्री गाद्यांच्या खोलीत त्यांना बसवा, पंखा बंद करा, फोन दीड वितीवर ठेवा आणि एकदा घेऊन टाका. चांगलं नंतर घेता येईल, आणि नाहीच जमलं तरी एक तर असेल.